तू देऊन टाकलेले माझे निदान

‘पोट उघडलं, अपेंडिक्स बघितलं, तर एकदम निरोगी! मोठे सर क्षणभर गोंधळले. मी म्हणालो, सर, वर बघा, पित्ताशयाला पीळ पडलाय. तेव्हा कुठं त्यांनी वरच्या बाजूला दुसरा काप घेतला, आणि आपले आबा वाचले.’

सर्जेराव, तुझ्या तेराव्याला, पंगती उठल्यानंतर, हर्सूलच्या तुझ्या अंगणात डॉक्टर उत्तमराव ध्वनिक्षेपकावरून हे बोलले. समोर तुझे गाववाले, सोयरे आणि बाजार समितीतली मंडळी बसली होती. पहिल्या रांगेत मी होतो. ज्या ‘मोठ्या सरां’चा उल्लेख झाला तो मीच, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होते, तरी एकानेही चमकून माझ्याकडे पाहिले नाही. पाठ झालेल्या आरतीला डोलाव्यात तशा माना डोलत होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ही गोष्ट इथे कोणालाच नवी नाही. नवी आहे ती फक्त मला.

मी उठलो. उत्तर देण्यासाठीच उठलो. तुझ्या मुलीने, शकूने, माझा हात धरला.

“काका, आज नको.”

“खोटं बोलतोय तो.”

“बोलू द्या. आबाच सांगायचे तसं. आम्ही लहान व्हतो तवापासून ऐकतोय.”

मी खाली बसलो. वयामुळे बसलो असे तिला वाटले असावे. माझे गुडघे अजून चांगले आहेत, सर्जेराव. मला बसवले ते तिच्या त्या वाक्याने.

उत्तमरावाचे खोटे मला समजते. माणूस एकदा व्यासपीठावर चढला, की जुनी गोष्ट त्याच्या मापाने शिवून घेतो. असे पुष्कळ शिंपी मी वैद्यकीय परिषदांतून पाहिले आहेत. मला समजत नाही ते तुझे खोटे. आयुष्यभर आपण भांडलो: जमिनीवरून, राजकारणावरून, तुझ्या विडीवरून, माझ्या तिरसटपणावरून. प्रत्येक वेळी तू उत्तर दिलेस आणि बहुतेक वेळा उद्धट दिलेस. नेमके याच प्रश्नाला उत्तर न देता निघून जाणे तुला शोभले नाही. म्हणून जे घडले ते मी तुलाच सांगतो. तू त्या दिवशी तिथे होतास. पण भूल दिलेला माणूस साक्षीदार नसतो.

तो उन्हाळा होता आणि दुपारची वेळ. सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीसमोर कापसाच्या गाठी वाहणारा एक ट्रक थांबला आणि त्यातून तुला गोधडीत घालून उतरवले. अजिंठ्याकडच्या त्या रस्त्याने तुझी हाडे आधीच खिळखिळी केली होती. तू पांढरा पडला होतास, ओकून ओकून ओठ सुकले होते. तरी मला पाहताच तू म्हणालास, “पंत, तुमच्या राज्यात पाणी मिळंल का?”

“ओकारी थांबल्यावर मिळेल, पाटील.”

“मंग तुमचं राज्य नको.”

उत्तमराव तेव्हा नुकताच डॉक्टर झालेला, माझ्या हाताखालचा मुलगा होता. हुशार होता, ते मी तेव्हाही नाकारले नाही, आजही नाकारत नाही. मी वॉर्डातून येण्यापूर्वी त्याने तुला तपासले होते आणि मी आल्याबरोबर ताठ उभे राहून निकाल दिला होता: “सर, अपेंडिक्स.”

तो तसे का म्हणाला, हे कोणाला ठाऊक आहे? आज मिटक्या मारीत ती कथा ऐकणाऱ्यांपैकी एकालाही नाही. तुझ्या पोटावर उजव्या बाजूला खाली एक लालभडक वर्तुळ उमटले होते. गावच्या सुईणबाईने तुला तांब्या लावला होता. आपल्याकडे पोटात कळ आली की ‘वायगोळा उठला’ म्हणतात, पोटावर पणती पेटवून ठेवतात आणि तिच्यावर पालथा तांब्या दाबतात. ज्योत विझते, तांब्या कातडी ओढून धरतो, आणि वायगोळा जागेवर बसला असे समजून घरातली माणसे सुटकेचा श्वास सोडतात. तुझा गोळा बसला नाही. कातडी मात्र भाजली. उत्तमरावाने त्या वर्तुळावर बोटे दाबली आणि तू किंचाळलास. अपेंडिक्सची जागा, तिथेच दुखणे, वर ओकारी. पुस्तकाप्रमाणे सगळे जुळले.

मी दाबले नाही. त्या वर्तुळाची नुसती कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलली. तू तितक्याच जोराने किंचाळलास आणि मला एक शिवी दिलीस, जी इथे लिहिता येणार नाही. मी उत्तमरावाला म्हणालो, “हे दुखणं तांब्याचं आहे, पोटाचं नाही. पोटाचं दुखणं आपण अजून विचारलेलंच नाही.”

मग मी तुला विचारले, “कळ केव्हा आली?”

“वाकून जू उचलत व्हतो. उठलो अन् कुणी आत मूठ आवळल्यावाणी झालं.”

“हळूहळू?”

“हळूहळू काय? काडकन!”

“गोळा पूर्वी यायचा?”

“लई वर्सं. डाव्या कुशीवर निजलं का गडी मधी यायचा, उठलं का आपल्या घरी जायचा. आज घरी जाईना.”

सर्जेराव, मराठवाड्यात दर दुसऱ्या माणसाच्या पोटात वायगोळा असतो आणि प्रत्येकाचा तो फिरतो. रोज हे ऐकणारा डॉक्टर तो शब्द कानावर पडताच ऐकणे बंद करतो. उत्तमरावाने बंद केले होते. मी केले नाही, कारण सांगणारा तू होतास. तुझ्या जमिनीचे क्षेत्र, तुझे वय, तुझ्या बैलांची किंमत यांविषयी तू खुशाल थापा मारायचास. दुखण्याविषयी कधी नाही. शाळेत पाय मोडला तेव्हा कोणत्या बोटापर्यंत कळ जाते ते तू वैद्याला बोटावर बोट ठेवून दाखवले होतेस. तुझ्या शब्दावर मी माझे निदान उभे केले. हे तू विसरलास का?

बरगडीखाली मी तळहात ठेवला. पेरूएवढा गुळगुळीत गोळा हाताला लागला. तुला डाव्या कुशीवर वळवले, तू ओरडलास, आणि गोळा माझ्या हाताखालून मधल्या बाजूला सरकला. यकृताला घट्ट चिकटलेले पित्ताशय असे सरकत नाही. क्वचित एखाद्या माणसात ते लांब देठावर मोकळे लोंबते. तो देठ फिरला, की आतला रक्तप्रवाह बंद पडतो. तुला ताप नव्हता, डोळे पिवळे नव्हते; नाडी मात्र धावत होती. पोटाच्या आतले दाखवणारी सोनोग्राफी तेव्हा आपल्या शहरात आली नव्हती. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. माझ्याजवळ एक हात होता आणि तुझे शब्द होते.

मी म्हणालो, “पित्ताशय आहे. देठ फिरला असावा. ताप येण्याची वाट पाहायची नाही, टेबल तयार करा.”

उत्तमराव म्हणाला, “पण सर, पुस्तकात हे वाळक्या म्हाताऱ्या बायकांना होतं असं दिलंय.”

“पाटील वाळके आहेत. उरलेल्या दोन गोष्टींकडे आज दुर्लक्ष करू.”

तू त्या कळेतही हसलास. आणि लगेच अडून बसलास: “पोट नाय फाडायचं. सलाईन लाव, उतरंल. पेरणी तोंडावर आलीय.”

“पाटील, उद्यापर्यंत ते आत सडेल. मग पेरणी तुझ्यावर करतील.”

“अन् टेबलावर मेलो म्हंजी?”

“तर तुझ्या बांधावरचा तो हापूस मी मुळासकट आणून माझ्या दारात लावीन.”

 तू म्हणालास, “लबाड हायस. मंग नाय मरत.” अंगठा नव्हे, सही केलीस, लपेटीदार, उर्दू वळणाची.

आत जे सापडले ते असे: काळेजांभळे, टरारलेले पित्ताशय, आपल्याच देठाभोवती पूर्ण गिरकी घेतलेले. फुटले नव्हते. मी पीळ सोडवला, देठ बांधला आणि ते काढून टाकले. उत्तमरावाने यकृत मागे धरणारा आकडा धरला होता. स्थिर धरला होता. याचे श्रेय मी त्याला त्याच दिवशी चारचौघांत दिले. त्याने अपेंडिक्स म्हटले होते, हे मात्र मी कोणालाही सांगितले नाही. पहिल्याच वर्षी मुलाचा पाणउतारा झाला, तर पुढे त्याचा हात रुग्णाच्या पोटावर धीटपणे पडत नाही. मी गप्प राहिलो तो त्याच्यासाठी. त्या मोकळ्या जागेत पुढे तुम्ही दोघांनी घर बांधले.

शुद्धीवर आल्यावर बशीत ठेवलेला तो अवयव तुला दाखवला. तू म्हणालास, “वांग्यावाणी हाय की. भरून करता आलं असतं.” तुझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. मला वाटते ती रडत नव्हती.

एक वाद आपला राहूनच गेला. तुझे म्हणणे, की सुईणबाईने तांब्या लावला म्हणूनच गोळा वर आला आणि माझ्या हाताला लागला. म्हणजे निम्मे निदान तिचे. माझे म्हणणे, की तिच्या तांब्याने एका डॉक्टरला चकवले आणि दुसऱ्याला चकवता चकवता राहिला. दर दिवाळीला तू हा विषय काढायचास आणि मी दर दिवाळीला चिडायचो. आता वाटते, की तेव्हाच तू मला इशारा देत होतास. ‘निम्मे निदान तिचे’ म्हणता म्हणता ते संपूर्ण निदान तू दुसऱ्याला केव्हा देऊन टाकलेस, ते मला कळले नाही.

उत्तमराव तुमच्या भागातला पहिला डॉक्टर. त्याचा दवाखाना शहरात, शहागंजात निघाला तो तुझ्या शब्दावर. जागेच्या मालकाशी तू बोललास, उद्घाटनाला गावोगावची माणसे तू आणलीस. मीही आलो होतो, पेढाही खाल्ला होता. त्या दिवशी तू ओट्यावर उभा राहून काहीतरी मोठ्याने सांगत होतास. मी पायरी चढलो आणि तू एकदम थांबलास. “या पंत, या!” म्हणून इतका पुढे धावलास, की मला तुझ्या अगत्याचे कौतुक वाटले. पुढे तुझ्या घरीही असे होई. मी आलो की बोलणे तुटायचे, कोणीतरी उगीच पावसाचे विचारायचे. मी समजायचो, माझ्या वयाचा आणि पदाचा हा आदर आहे. माझ्या पाठीमागे माझी नालस्ती होत असे आणि मी तिला मान समजून नमस्कार करीत होतो.

तेरावे आटोपल्यावर मी शकूला स्वयंपाकघराच्या दारात गाठले. “त्यानं असं का केलं?” एवढेच विचारले. ती भांडी आवरीत होती. हात न थांबवता बोलली.

“काका, राग मानू नका. मी एकदा इचारलं व्हतं आबांना. म्हनले, पंताच्या घरात तीन पिढ्या कचेरीत लिहिणारी मानसं. त्याच्या बापाला सगळा जिल्हा वळखतो. त्याला काय कमी हाय? उत्तमच्या घरात त्यो पहिला. लोकं आपल्याच पोराकडं दवापाण्याला जाईनात, बामणाच्या डॉक्टरकडं पळायची. म्हनून सांगितलं, का बघा, मोठ्या सरला जे गावलं नाय ते आपल्या पोराला गावलं.”

“आणि मी?”

“म्हनले, पंत मोठा हाय. त्याला चालतंय.”

सर्जेराव, मला चालत नाही.

हे ऐकून मला आपली शाळा आठवली आणि राग आणखी वाढला. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य नुकतेच संपले होते. आपण उर्दूत शिकलेली पोरे; एकाएकी वर्गात मराठी आली. माझ्या वडिलांनी खटपट करून माझ्यासाठी मराठीचे पुस्तक मिळवले. तू ते मला न विचारता आपल्या बाकावरच्या रशीदला देऊन टाकलेस, कारण त्याला मराठीचे अक्षर येत नव्हते आणि घरी शिकवणारे कोणी नव्हते. मास्तरांनी पुस्तक नाही म्हणून मला बाकावर उभे केले. मी तुझ्याकडे पाहिले, तर तू खालून कुजबुजलास, “तुला सगळं पाठ हाय की.” मला हसू आले आणि त्याबद्दल आणखी एक छडी बसली. रशीद त्या पुस्तकावर मराठी शिकला. पुढे तो माझ्याशी मराठीतच भांडायचा. त्या दिवसापासून मी तुला मित्र मानले, हे मी तुला कधी सांगितले नाही. आज सांगून ठेवतो. तक्रारीच्या कागदावर तेही असावे.

पण पुस्तक दुसरे मिळते, सर्जेराव. शल्यचिकित्सकाजवळ दुसरे काय असते? त्याने केलेली कामे लोकांच्या पोटात झाकलेली राहतात. तो मागे काही बांधून ठेवत नाही, लिहून ठेवत नाही. ज्या थोड्या दुपारी आपला हात चुकला नाही, तेवढ्या दुपारी हीच त्याची मिळकत. माझ्या सगळ्या नोकरीत असे पित्ताशय मला पुन्हा दिसले नाही. ती माझी दुपार होती. दान करायचे तर आपल्या पदरचे करावे; तुझ्याजवळ जमीन होती, विहीर होती, शब्दाला वजन होते. उत्तमरावाला ते सगळे तू दिलेस आणि ते मला मान्य आहे. त्याला उभे करायलाच हवे होते हेही मान्य आहे. लोक त्याच्याकडे जायला लागले, त्याने कितीकांना बरे केले. त्यांतल्या काहींना मी ओळखतो. तुझा हेतू खोटा होता असे मी म्हणत नाही. माझ्या पंक्तीतले ताट उचलून तू ते दुसऱ्याला वाढलेस आणि माझी भूक मोठेपणाने भागेल असे परस्पर ठरवलेस, एवढेच म्हणतो. मला विचारले असतेस, तर मी नाही म्हटले असते. दोन दिवस भांडलो असतो. तिसऱ्या दिवशी कदाचित, तुझे तोंड पाहून, हो म्हटले असते. तो तिसरा दिवस तू माझ्याकडून घेतलास.

पुढच्या आठवड्यात उत्तमरावाचा फोन आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातले होते, की मी दुखावलो आहे.

“सर, इतकी वर्षं झाली. आठवणी मागंपुढं होतात. आबा सांगायचे तसं मी सांगितलं.”

“तू तिथे होतास, उत्तम. तुला आबांनी सांगण्याची गरज नव्हती.”

 तो म्हणाला, “आता मलाबी तसंच आठवतंय, सर.”

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, आणि तेच मला अधिक लागले. माझे चिरंजीव म्हणतात, सोडून द्या बाबा, या वयात काय सिद्ध करायचे आहे? माझा एक जुना सहकारी म्हणतो, कदाचित तुमचीच आठवण तुमच्या सोयीची असेल. हा युक्तिवाद मी नाकारत नाही. माझ्या वयाच्या माणसाच्या स्मरणावर मीही विश्वास ठेवला नसता. म्हणून माझे स्मरण बाजूला ठेवतो, उत्तमरावाचे बाजूला ठेवतो, आणि सर्वांत आधी तुझा शब्द बाजूला ठेवतो. तो ठेवताना मला किती त्रास होतो, हे तू जिथे असशील तिथून पाहा.

तू गेलास त्या सकाळी तुला अंघोळ घालताना तुझ्या मुलाने मला पुढे बोलावले. उत्तमरावही होता. आम्ही दोघांनी तुझ्या अंगावर पाणी घातले. तू पुन्हा त्या उन्हाळ्यातल्याइतका वाळला होतास आणि पोटाची कातडी स्वच्छ उजेडात होती. अपेंडिक्स शोधायला घेतलेला काप खाली, उजव्या जांघेच्या वर असतो. पित्ताशयाचा बरगडीच्या कडेने. एकदा घेतलेला काप मरेपर्यंत पुसला जात नाही, आणि आतले काही दिसण्याआधी सर्जनला काय वाटत होते, ते त्याची जागाच सांगते. तुझ्या अंगावर एकच व्रण होता, उजव्या बरगडीखाली. खाली काहीच नव्हते.